शेड नंबर सतरा

सोमवारी उद्यमनगर बंद,
म्हणून आमचा सराव सोमवारी.
काकांनी किल्ली दिली ती एका अटीवर:
लेथला हात लावायचा नाही.

दस्तगीरचे ड्रम म्हणजे बेंजो पार्टीतले दोन ताशे
आणि ग्रीसचा रिकामा डबा.
एस्तेर समुद्रे चर्चचा कीबोर्ड
रविवारची उपासना उरकली की चादरीत गुंडाळून आणायची.
पाळकांना ठाऊक होतं. ते विचारत नसत.
उमाजी गायचा.
दिवसभर दूध संघात क्रेट मोजून
रात्री गाता गाता मध्येच आकडे बोलायचा,
त्यातून ‘छत्तीस रिकामे’ हे गाणं झालं,
आजही लोक त्याचा अर्थ लावत बसतात.

मी बास.
कोल्हापुरात मिळत नव्हता, पुण्यात परवडत नव्हता.
मिरजेला एका तंबोरेवाल्यांकडं
मासिकातला फोटो घेऊन गेलो.
त्यांनी तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा.
“याचा भोपळा कुठाय?”
भोपळा नसतो म्हटलं.
“मग आवाज राहतो कुठं?”
वायरीत.
त्यावर ते माझ्याकडं बघत राहिले.
मिरजेला आजारी माणसं पुष्कळ येतात,
तसं.
महिन्यानं दिला. कडेनं हस्तिदंती रंगाची वेल,
मी न सांगता काढलेली.
तिचे पैसे घेतले नाहीत.

सुरात कोणी नव्हतं.
एका सोमवारी, अट मोडून, नुसती गंमत म्हणून
मी लेथचं बटण दाबलं.
एस्तेरनं मान वर केली.
“हा जी आहे,” म्हणाली, “केसभर चढलेला.”
मग तोच धरला.
दर सोमवारी आधी लेथ चालू,
चौघं त्या गुणगुणण्याला कान लावून,
तारा पिळत, ताशाच्या दोऱ्या आवळत.
लाइट गेली की सूर जायचा.
आम्ही अंधारात बसून
भेळ खायचो, आणि कोणी काही बोलायचं नाही,
कारण मनात तो चालूच असायचा
आणि बोललं तर हलेल असं वाटायचं.

नाव पेंटरनं ठरवलं.
अक्षरामागं दहा रुपये म्हणाला,
खिशात वीस होते.
‘लेथ’.
आता मुलाखतीत उमाजी सांगतो
फिरणं, कापलं जाणं, घडणं, असलं कायकाय.
चांगलं सांगतो. मलापण पटायला लागलंय.

पहिला कार्यक्रम कागलला, हळदीचा.
तिसऱ्या गाण्याला नवऱ्याचा मामा स्टेजवर चढला,
“नाचायचं वाजवा की लेको!”
दस्तगीरनं एस्तेरकडं पाहिलं, एस्तेरनं डोळे मिटले,
आणि त्यानं बेंजो पार्टीचा हात काढला.
अख्खा मांडव उठला.
परतीच्या टेंपोत पाचशे रुपये चौघांत,
उमाजी सारखा मोजत होता.
कोणाला हसू येत नव्हतं, आणि मग
एकदम सगळ्यांना आलं,
गोकुळ शिरगावच्या फाट्यापर्यंत थांबेना.

मुंबईचं बोलावणं आलं
त्याच आठवड्यात काकांना झटका आला.
यात कथा करण्यासारखं काही नाही.
शेडमध्ये ऑर्डर पडून होत्या, सात माणसं होती.
मी म्हटलं, पुढच्या महिन्यात येतो.
बास त्यांच्याबरोबर पाठवला, वाट बघू नये म्हणून.
स्टुडिओत तो हसण्यावारी गेला म्हणे.
पार्सलनं परत आला,
वेलीचं एक पान निघालेलं.

परवा रेडिओवर ‘छत्तीस रिकामे’ लागलं.
दस्तगीरचा डबा नाही, खरे ड्रम.
शटर अर्धं ओढून मी उभा राहिलो,
आणि लेथ चालू केला.
गाण्याचा जी आता बरोबर जागेवर आहे.
लेथचा अजून केसभर वर.
दोन्ही मिळून शेडमध्ये एक थरथर उठली,
पत्रे बारीक वाजायला लागले.

पोरानं विचारलं, मालक, बेरिंग गेलं काय?
नाही, म्हटलं. राहू दे.
गाणं संपूस्तोवर राहू दे.